शुक्रवारची साफसफाई

शुक्रवारी सकाळी वडिलांनी दाढी केली, न्याहारीला दोन अंडी खाल्ली आणि रोटीचा शेवटचा तुकडा जैतुनाच्या तेलात बुडवत म्हणाले, "नमाजाहून आलो की पिस्तूल साफ करायला घेतो. तू दुपारी मावशीकडे जाऊन ये, याबा. किती दिवसांत गेली नाहीस."

मृत समुद्राच्या वर, आमच्या करकच्या मुलखात, मुलगी बापाला 'याबा' म्हणते, आणि लाडात आला की बापही मुलीला तेच म्हणतो. आई गेल्यापासून त्यांनी मला तशी हाक मारली नव्हती. हातातला चहाचा ग्लास मी खाली ठेवला.

"संध्याकाळी जाईन," मी म्हटलं.

"संध्याकाळी कशाला? दुपारीच जा. जेवूनच ये तिकडे."

ते हसले. चांगले हसले, डोळ्यांपर्यंत.

एकोणीस वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या काकांनी, सलामाकाकांनी, अशाच एका शुक्रवारी बायकोला माहेरी पाठवलं होतं आणि मग ते पिस्तूल साफ करायला बसले होते. साफ करताना गोळी सुटली. पोलिसांना हे वडिलांनी सांगितलं, गावाला वडिलांनी सांगितलं, आणि मग गावाने एकमेकांना सांगितलं. सलामाकाका सैन्यात शस्त्रं दुरुस्त करायचे. अठरा वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नव्हतं. त्यांच्या हातून गोळी चुकून सुटेल यावर गावातल्या एकाही पुरुषाचा विश्वास नव्हता, आणि एकानेही तसं तोंडातून काढलं नाही. पुढे वडिलांनी स्वतःचं पिस्तूल कधी ना कधी साफ केलंच असेल. पण घरात सांगून नाही. ते शब्द आमच्या घरातून गेले होते.

आणि आज, दोन अंडी खाऊन झाल्यावर, ते परत आले होते.

आई जूनमध्ये गेली, मूत्रपिंडाच्या आजाराने. तीन दिवस घरात आम्ही बायका बसलो आणि बाहेर मंडपात पुरुष. आम्ही रडलो, ओरडलो, एकमेकींच्या गळ्यात पडलो. तिसऱ्या दिवशी माझा घसा बसला होता आणि छातीतलं काहीतरी, थोडंसंच, सैल झालं होतं. भिंतीपलीकडे वडील उभे होते. तीन दिवस उभेच. येणाऱ्याशी हात मिळवायचा, सांत्वनाच्या ठरलेल्या शब्दांना ठरलेलं उत्तर द्यायचं, कडू कॉफीचा पेला पुढे करायचा. आमच्याकडे बापाला मुलाच्या नावाने ओळखतात, म्हणून माझ्या भावाच्या नावावरून लोक निघताना म्हणायचे, डोंगर आहे अबू मुहन्नद, डोंगर. ते ऐकून मलाही अभिमान वाटला होता. हे मी लपवत नाही.

त्यानंतर तीन महिने ते जेमतेम बोलले. अंगणात पश्चिमेकडे तोंड करून बसायचे. एकदा मी त्यांना दवाखान्यात नेलं. तिथे त्यांनी सांगितलं की पोट दुखतं, आणि डॉक्टरांनी पोटाच्या गोळ्या दिल्या.

मागच्या दहा दिवसांत मात्र ते सुधारले. भूक परत आली. शेजारच्या मर्झूककडे जाऊन जैतून उतरवायची शिडी आणि खाली अंथरायची कापडं देऊन आले, म्हणाले, यंदा आमचीही झाडं तुम्हीच झोडपा. मेंढीच्या कातड्याचा हिवाळी अंगरखा पुतण्याला दिला. मला बसवून कागद दाखवले, हे घराचे, हे विहिरीचे, हे तुझ्या आईच्या कबरीच्या जागेचे. बाजूची जागा पण आपलीच आहे, असंही म्हणाले. सगळं शांतपणे. घरात आलेल्या बायका मला म्हणत होत्या, बघ, सावरले तुझे वडील.

मी गावातल्या मुलींच्या शाळेत भाषा शिकवते. आयुष्यभर वाचत आले आहे. खूप दिवस दुःखात बुडालेलं माणूस अचानक शांत होतं तेव्हा त्याचा एक अर्थ काय असू शकतो, हे मी वाचलेलं होतं. दहा रात्री मी माझ्या खोलीचं दार उघडं ठेवून झोपत होते. विचारलं मात्र काहीच नाही.

अजानला तासभर असतानाच ते मशिदीकडे निघाले. फाटकापाशी थांबून त्यांनी वळून घराकडे पाहिलं, गच्चीपासून पायरीपर्यंत, एकदाच. मग गेले.

मी धावत त्यांच्या खोलीत गेले. पिस्तूल लष्करी लोखंडी पेटीत असतं. पेटीला कुलूप होतं, आणि किल्ली वडिलांच्या गळ्यात. स्वयंपाकघरातली सुरी आणून मी कुलपात घातली, ती वाकली. पेटी ओढून बाहेर काढायला गेले, ती फरशीवरून वीतभर सरकली आणि माझी कंबर लचकली. मी ती तशीच पुन्हा जागेवर ढकलली. फरशीवरचे ओरखडे बाहीने पुसत बसले, जणू तेच महत्त्वाचं होतं.

मग कुवेतला भावाला फोन लावला.

"मुहन्नद, याबा आज पिस्तूल साफ करणार आहेत."

पलीकडून रस्त्याचा आवाज येत होता. "करू दे की."

"मला मावशीकडे जा म्हणाले. जेवूनच ये म्हणाले."

तो म्हणाला, "रुदैना, तू फार वाचतेस. याबा म्हणजे सलामाकाका नव्हेत."

"तू फोन कर त्यांना. काहीतरी विचार."

"काय विचारू? याबा, तुम्ही मरणार आहात का? असं बापाला विचारतात? आणि हे बघ, बाहेर कुणाकडे बोलू नकोस. बायको गेली आणि बाईसारखा मोडला म्हणतील. त्यांना ते सहन व्हायचं नाही."

"मुहन्नद, माझ्याकडे दीड तास आहे."

"ते बरे आहेत ना गं?" त्याचा आवाज एकदम लहान झाला. "खरं सांग. बरे आहेत ना?"

मी फोन ठेवला. त्याची समजूत काढायला माझ्याकडे वेळ नव्हता.

अबू हाबिसचं घर वरच्या आळीत आहे. ते आणि वडील बावीस वर्षं एकाच तुकडीत होते, एकाच ट्रकवर; मी त्यांना अम्मो, म्हणजे काका, म्हणते. मी पोचले तेव्हा ते अंगणात रॉकेलची शेगडी खोलून बसले होते, हिवाळ्याआधी साफ करायला.

"या, मास्तरीणबाई! सुट्टीच्या दिवशी कुणाच्या मागे छडी घेऊन धावताय?"

"अम्मो, याबा नमाजाहून आल्यावर पिस्तूल साफ करणार आहेत. मला मावशीकडे पाठवताहेत."

त्यांच्या हातातला पेचकस थांबला. ते शेगडीच्या वातीकडे बघत राहिले.

"परवा त्याने मला दुर्बीण दिली," ते म्हणाले. "त्याची ती सैन्यातली. मी म्हटलं, म्हातारा मऊ झाला. आणि घेऊन आलो. गाढवासारखा बगलेत मारून घेऊन आलो."

"तुम्ही बोला त्यांच्याशी."

"काय बोलू, पोरी? चाळीस वर्षं आम्ही काय बोललो ते सांगू? इंजिनं, पाऊस, आणि कुणाचं पोट किती सुटलं. गालिब, तुला दुःख झालंय का, असं मी विचारलं तर तो मला घराबाहेर काढेल. आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही काढलं असतं."

"मग आपण फक्त बसून राहायचं? सलामाकाकांच्या वेळेसारखं?"

"त्याचं नाव घेऊ नकोस." ते जोरात म्हणाले. हात फडक्याला पुसले. उठले. "मी त्याची कॉफी पिणार नाही," ते म्हणाले.

मला लगेच कळलं. आमच्याकडे एखाद्याला दुसऱ्याच्या घरी जाऊन मोठं काही मागायचं असेल, मुलीचा हात किंवा रक्ताची माफी, तर यजमानाने दिलेला पेला तो तोंडाला लावत नाही. समोर जमिनीवर ठेवतो. मग यजमानाला म्हणावं लागतं, पी, तुझं काम झालं. एकदा म्हटलं की मागे फिरता येत नाही. जो फिरला त्याला पुन्हा कुणाच्या दारात तोंड वर करता येत नाही.

"मला तो नाही म्हणेल," अबू हाबिस म्हणाले. "पेल्याला नाही म्हणायचा नाही. तू घरीच थांब. पाहुणे येणार म्हणून कॉफी करत होते, असं सांग."

दोघे मशिदीतून बरोबरच आले. फाटकातून आत येताना मला बघून वडिलांच्या कपाळावर एक आठी आली आणि गेली. "गेली नाहीस?"

"तिला मीच थांब म्हटलं," अबू हाबिस मागून म्हणाले. "तुझ्या हातची कॉफी एकट्याने प्यायची भीती वाटते मला. साक्षीदार पाहिजे."

बैठकीत दोघे बसले. मी कॉफीची सुरई आणि पेले आणून ठेवले आणि दाराशी उभी राहिले. वडिलांनी रिवाजाप्रमाणे स्वतः कॉफी ओतली, उजव्या हाताने पेला पुढे केला. त्यांचा हात स्थिर होता. त्या स्थिर हाताची मला भीती वाटत होती.

"वासावरूनच कळतंय," अबू हाबिस म्हणाले. "आठवतं? तुझ्या कॉफीने ट्रकचा गंज निघायचा."

"तरी तीन पेले ढोसायचास."

"बाकी काही मिळायचं नाही म्हणून." त्यांनी पेला घेतला आणि गालिच्यावर ठेवला. हात मांडीवर घेतले.

वडिलांनी पेल्याकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे.

"एकटाच आलास? असल्या कामाला दहा माणसं आणतात."

"एकटाच आलो."

वडिलांची नजर माझ्याकडे आली, आणि त्यांना काय वाटलं ते मला समजलं. अबू हाबिसचा मुलगा हाबिस दोन वर्षांपूर्वी विधुर झाला होता, पदरात दोन मुली. मी छत्तीस वर्षांची, बिनलग्नाची. हे आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. वडिलांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी पूर्वी फक्त आजाऱ्याचा ताप उतरताना पाहिलं आहे. खांदे खाली आले. डोळे भरून येतात की काय असं वाटलं, पण आले नाहीत.

"पी, अबू हाबिस," ते म्हणाले. "जे मागायला आलास ते दिलं. काही विचारत नाही. हाबिस माझा मुलगाच आहे. आज दिलं. आजच."

त्या 'आजच'चा अर्थ मी लावला. त्यांचं एकच काम उरलं होतं, मी. तेही आत्ता आमच्या हातून झालं होतं.

अबू हाबिसनी पेल्याला हात लावला नाही. "तुझ्या मुलीला अल्लाह सुखात ठेवो. मी तिच्यासाठी आलो नाही. मी तुझं पिस्तूल मागायला आलोय."

कुणीतरी रस्त्यावरून मोठ्याने बोलत गेलं. वडिलांनी सुरई खाली ठेवली.

"तुला कशाला पिस्तूल? तुझं आहे की."

"माझं बायकोने पिठाच्या पिंपात लपवलंय. सलामा गेला त्या वर्षापासून. कुठे आहे ते मला ठाऊक आहे. मला ठाऊक आहे हे तिला ठाऊक आहे. एकोणीस वर्षं त्या पिठाच्या रोट्या खातोय, बोलत कुणीच नाही."

वडिलांचा चेहरा लाल झाला. "माझ्या पोरीसमोर तू मला बाई करतोयस."

"दिलं म्हणालास."

"अबू हाबिस, उठ आणि घरी जा."

"दिलं म्हणालास, गालिब. मी ऐकलं, हिने ऐकलं. आता नाही म्हण. म्हण की गालिबने शब्द दिला आणि गिळला. मग मी जातो."

वडील उभे राहिले. इतके ताठ मी त्यांना आईच्या मंडपातच पाहिलं होतं. "दिलेलं दिलं," ते म्हणाले. "आणतो."

ते आतल्या खोलीत गेले. दार लागलं. मग पेटीच्या कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज आला.

अबू हाबिसनी आणि मी एकमेकांकडे पाहिलं. देणाऱ्याने स्वतः उठायचं, स्वतःच्या हाताने आणून द्यायचं, हे आमच्या इतकं अंगात मुरलेलं की दोघांनाही सुचलं नव्हतं. ज्या पेटीपासून त्यांना लांब ठेवायचं होतं, तिच्याकडे आम्हीच त्यांना पाठवलं होतं. एकटं. बंद दाराआड. शब्द पाळायला.

अबू हाबिस धडपडत उठले आणि बैठकीच्या उंबऱ्यापाशी थांबले. त्यापुढे घराचा आतला भाग. परका पुरुष तिथे पाऊल टाकत नाही. चाळीस वर्षांत त्यांनी टाकलं नव्हतं, आणि तेव्हाही त्यांचा पाय उचलला जाईना.

"गालिब!" ते ओरडले. "कॉफी निवतेय! मी प्यायलो नाही अजून!"

पेटीचं झाकण करकरलं.

"ऐकतोयस का? पाहुणा बसलाय तुझ्या घरात! पाहुण्याला टाकून कुठे जातोस?" त्यांचा आवाज फाटला. "मी पेला उचललेला नाही, गालिब! तू आल्याशिवाय उचलणार नाही! रात्रभर बसेन इथे!"

माझ्यात आणि त्या दारात सहा पावलं होती. वडिलांच्या खोलीत ते असताना मी कधी न विचारता गेले नव्हते. दाराच्या मुठीवर हात ठेवला तेव्हा वाटलं, मी दार उघडल्यामुळेच ते होईल. आणि नाही उघडलं तर नाही उघडल्यामुळे. आतून काहीच ऐकू येत नव्हतं. कान लावायची हिंमत झाली नाही. मी मूठ फिरवली.

ते पलंगावर आई झोपायची त्या बाजूला बसले होते. मांडीवर पिवळ्या फडक्यात बांधलेलं पिस्तूल, गाठ सुटलेली नव्हती, आणि त्यावर दोन्ही हात. तोंड उघडं होतं आणि आवाज येत नव्हता. मान मागे गेली होती, गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या. मला वाटलं, त्यांना घास अडकला आहे, श्वास कोंडला आहे. मी धावत जाऊन त्यांच्या पाठीत थापट्या मारायला लागले. चार-पाच थापट्यांनंतर मला कळलं की ते रडत आहेत. ते रडताना कसे दिसतात हे मला माहीत नव्हतं. बहुधा त्यांनाही ते कसं करायचं हे माहीत नव्हतं.

"दार लाव," ते म्हणाले. "तो ऐकेल."

मी दार लावलं आणि आतच राहिले. "ते द्या माझ्याकडे, याबा."

त्यांनी हात हलवले नाहीत. बाहेरून अबू हाबिस ओरडतच होते. आता ते ट्रकच्या चाकांबद्दल काहीतरी ओरडत होते, जे सुचेल ते.

"द्या."

"सलामा आला होता माझ्याकडे," ते म्हणाले. "आदल्या दिवशी. म्हणाला, भाऊ, मला कितीतरी रात्री झोप नाही. छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं. मी म्हटलं, बाईसारखा बोलू नकोस." त्यांनी श्वास घ्यायचा प्रयत्न केला. "तो हो म्हणाला. गुपचूप उठला आणि गेला. मी त्याला हाकही मारली नाही."

मी त्यांच्या हातांवर हात ठेवले. किती वेळ ते सांगता येणार नाही. मग त्यांनी हात बाजूला घेतले, आणि मी ते फडक्यासकट उचललं. जड होतं, आणि त्यांच्या मांडीच्या उबेने कोमट झालं होतं.

बैठकीत अबू हाबिसनी ते माझ्याकडून घेतलं आणि अंगरख्याखाली लपवलं. मग खाली वाकून पेला उचलला आणि गार कॉफी एका दमात प्यायले. अर्धी सदऱ्यावर सांडली. बंद दाराकडे तोंड करून म्हणाले, "उद्या सकाळी माझ्याकडे ये. शेगडी खोललीय, परत जुळत नाही."

आतून आवाज आला, "तोडली असशील तूच."

"म्हणून तर ये म्हणतोय."

ते गेल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन सगळ्या सुऱ्या एका कापडात गुंडाळल्या आणि कुठे ठेवाव्यात ते न कळून हातात धरून उभी राहिले. आईच्या गोळ्यांचा डबा आठवला. तो काढला. मग विहिरीचं झाकण आठवलं. घरभर फिरले. एक वस्तू गेली म्हणून भीती जात नाही, ती घरातल्या बाकीच्या सगळ्या वस्तूंत पसरते.

दुपार उतरल्यावर वडील तोंड धुऊन बाहेर आले आणि पायरीवर बसले. डोळे सुजले होते. ते मला दिसू नयेत असा प्रयत्न त्यांनी केला, मग सोडून दिला.

"कधीपासून ओळखलंस?"

"दहा दिवस."

"दहा दिवस. आणि बोलली नाहीस."

"तुम्हाला लाज वाटेल म्हणून."

त्यांनी मान हलवली, जणू हे कारण अगदी रास्त होतं. मला त्या मान हलवण्याचीही भीती वाटली.

"रविवारी दवाखाने उघडले की शहरात जाऊ," मी म्हटलं. "डॉक्टरकडे. पोटाच्या नव्हे."

"लोक बघतील."

"बघतील."

त्यांनी पश्चिमेकडे तोंड वळवलं. खाली दूरवर मृत समुद्राचा पट्टा पांढरा पडत चालला होता. मी आत जायला उठले, तसा त्यांनी माझ्या बाहीचा कोपरा दोन बोटांत धरला. मुलं धरतात तसा.

"मावशीकडे आज जाऊ नकोस," ते म्हणाले. "मला एकटं ठेवू नकोस."

मी हो म्हटलं. पायरीवर त्यांच्या शेजारी बसले.